फॉरेन्सिकच्या पहिल्या सत्रात केमिस्ट्री टाळावी का?

पत्राचा सारांश:

भुदरगड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कोल्हापूरला येणाऱ्या विद्यार्थिनीचं हे पत्र. बारावी सायन्स, पीसीबी ग्रुप, गणित घेतलेलं नाही. बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्सला कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळालाय. आता पहिल्या सत्राचा विषयनिवडीचा फॉर्म भरायचा आहे. फॉरेन्सिकबरोबर केमिस्ट्री, फिजिक्स, बॉटनी, झूलॉजी आणि कम्प्युटर सायन्स यांपैकी दोन विषय घ्यायचे आहेत, शिवाय एक ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) आणि एक कौशल्याचा कोर्स. बारावीला केमिस्ट्रीत शंभरपैकी ५१ गुण पडले, त्यामुळे तो विषय तिला नको वाटतो. "पहिलं सत्र हलकं ठेवते, केमिस्ट्री दुसऱ्या वर्षी घेते," असा तिचा विचार आहे. सध्या तिने कम्प्युटर सायन्स आणि झूलॉजी लिहिलंय. ओपन इलेक्टिव्हला शेअर बाजाराची ओळख घेतलीय, कारण सीनियर म्हणतात की त्यात गुण हमखास मिळतात. त्याशिवाय 'सायबर फॉरेन्सिक एक्सपर्ट'चा एक ऑनलाइन कोर्स पैसे भरून करायचा आहे. वडिलांना हे काहीच पटत नाही. त्यांच्या मते साधी केमिस्ट्रीची बी.एस्सी. करावी, निदान कारखान्याच्या लॅबमध्ये तरी नोकरी लागेल. "मॅडम, मला गुन्ह्याच्या तपासात काम करायचंय, केमिस्ट्रीत नाही. फॉर्म कसा भरू?" असं तिने विचारलंय.

उत्तर:

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळा गुंता तिथे आहे. तपासात काम करायचंय, केमिस्ट्रीत नाही, असं तू लिहिलंस. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जाऊन विचार, प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालाला तिथे काय म्हणतात? सीए रिपोर्ट. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. आज प्रयोगशाळेत डीएनए, आवाजाचं विश्लेषण, मोबाइलमधला डेटा असं सगळं तपासलं जातं, तरी पोलीस आणि वकील यांच्या तोंडी रिपोर्ट सीएचाच असतो. भारतात या कामाची सुरुवातच विषं तपासणाऱ्या रासायनिक परीक्षकांपासून झाली. मद्रासला १८४९ साली अशी पहिली प्रयोगशाळा निघाली. बोटांच्या ठशांचा कोलकात्याचा विभाग १८९७ चा, म्हणजे त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आता तुला आवडणाऱ्या गोष्टी एकेक घेऊन बघू. कागदावरचा बोटाचा ठसा निनहायड्रिनने जांभळा होतो, कारण घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची अभिक्रिया होते. सिल्व्हर नायट्रेटने उमटणारा ठसा घामातल्या क्लोराइडमुळे उमटतो. सुऱ्यावरचा तपकिरी डाग रक्ताचा असू शकतो का, हे बघायला फिनॉल्फ्थॅलीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. रक्तातल्या हीममुळे तो डाग गुलाबी होतो. पण काही भाज्यांमधली विकरं आणि काही धातूंचे क्षारही तोच गुलाबी रंग देऊ शकतात. म्हणून ही चाचणी फक्त 'रक्त असण्याची शक्यता आहे' एवढंच सांगते, पुढे खात्रीची वेगळी चाचणी करावी लागते. रंग का आला, तो दुसऱ्या कशाने येऊ शकतो का, आला नाही तर त्याचा अर्थ काय, हे ज्याला सांगता येतं तो तज्ज्ञ. बाटलीतले थेंब टाकून रंग बघणं कुणालाही शिकवता येतं.

तू उसाच्या पट्ट्यातली आहेस, त्यामुळे विषबाधेच्या बातम्या तुझ्या कानावर असतीलच. 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य पेपरात किती वेळा वाचलं असशील. तो व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे भाग, साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे का, हे शोधायला आधी ते ऊतींमधून योग्य द्रावकाने बाहेर काढावं लागतं, मग थिन लेयर क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत) किंवा मोठ्या यंत्रावर चालवावं लागतं. द्रावक कोणता, आम्ल-अल्कलीचं प्रमाण किती, हे चुकलं तर विष असूनही सापडत नाही. या संपूर्ण वाटेवर केमिस्ट्रीशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही. तेव्हा फॉरेन्सिक हा केमिस्ट्रीला पर्याय असलेला वेगळा विषय आहे, हे तू मनात धरलेलं गृहीतक मला आधी बाजूला ठेवायचंय. केमिस्ट्री, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र हेच विषय कोर्टात उलटतपासणीला टिकतील इतक्या काटेकोरपणे वापरायचे, यालाच फॉरेन्सिक म्हणतात.

दुसरं गृहीतक असं की केमिस्ट्री दुसऱ्या वर्षी घेता येईल. इथे मला खरी काळजी वाटते, कारण ही चूक करणारी तू एकटी नाहीस. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय असतात आणि दुसऱ्या वर्षी त्या तिघांतलाच एक मेजर (पदवीचा मुख्य विषय) होतो, एक मायनर (जोडविषय). पहिल्या वर्षी न घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी नव्याने आत आणायला सहसा जागा नसते. म्हणजे आज केमिस्ट्री घेतलीस आणि वर्षभराने नको वाटली तर ती सोडता येईल. आज घेतली नाहीस आणि वर्षभराने हवी वाटली तर बहुधा मिळणार नाही. तुझ्या कॉलेजची नियमावली हातात घेऊन हे एकदा ऑफिसात विचार, आणि उत्तर शक्यतो विभागप्रमुखांकडून घे, सीनियरकडून नको. विषय आवडता की नावडता हे थोडं मागे ठेव. आज कोणतं दार बंद केलं तर उद्या उघडणार नाही, हे आधी बघ.

५१ गुणांबद्दल. मी डिग्री कॉलेजात बरीच वर्षं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत आणि बारावीचे गुण बघून मुलांबद्दल अंदाज बांधायचं मी फार लवकर सोडलं. बारावीची केमिस्ट्री बहुतेकांनी नीटच्या किंवा सीईटीच्या क्लासमध्ये, पर्याय निवडायच्या घाईत केलेली असते. ब्युरेट हातात घेऊन शेवटचा थेंब सोडण्याचा सराव कित्येकांना मिळालेलाच नसतो. तुला नेमकं काय जमत नाही हे शोध. माझ्या अनुभवात केमिस्ट्रीची भीती म्हणणाऱ्या दहा मुलांतल्या सहा-सात जणांची अडचण मोल आणि मोलॅरिटीच्या गणितात असते, आणि त्याच्याही मागे असतं साधं गुणोत्तर-प्रमाण. तू गणित सोडलंयस म्हणून तुझ्या बाबतीतही तसंच असेल, असा माझा अंदाज आहे. ते दुरुस्त व्हायला तीन-चार आठवडे रोज अर्धा तास पुरतो. घातांक, लॉगरिदम, सरळ रेषेचा आलेख, सरासरी आणि प्रमाण विचलन, एवढं कॉलेज सुरू होता होता करून घे. अकरावीचं पुस्तक पुरेसं आहे. हे पुढे किती लागतं त्याचं एकच उदाहरण देते: डीएनए जुळणीच्या अहवालात शेवटी एक संभाव्यता लिहिलेली असते. वेगवेगळ्या स्थानांवरच्या वारंवारता एकमेकींशी गुणून ती काढतात. त्या आकड्याचा अर्थ 'आरोपी निर्दोष असण्याची शक्यता' असा होत नाही, तर 'संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता' असा होतो. यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहू नये, इतकं हे गंभीर आहे.

मग दुसरा विषय कोणता? झूलॉजी ठेवलीस ते मला आवडलं. बॉटनीचाही विचार कर, मुली ती उगाच सोडतात. आपल्याकडे विहिरीत, कालव्यात, पंचगंगेत बुडून मृत्यू होतात, तेव्हा माणूस पाण्यात पडला त्या वेळी जिवंत होता का, हा प्रश्न पडतो. जिवंत माणूस बुडताना पाणी फुफ्फुसात ओढतो, त्या पाण्यातली डायटम नावाची सूक्ष्म शैवालं रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत जाऊ शकतात. मज्जा तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवली तरी डायटमचं सिलिकाचं कवच टिकतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्या विहिरीच्या पाण्यातल्या डायटमशी ताडून बघतात. एकट्या या चाचणीवर निष्कर्ष काढणं योग्य नाही, तिच्या मर्यादांवर तज्ज्ञांमध्ये बरीच चर्चा आहे. पण शैवालाचे प्रकार ओळखणारी नजर बॉटनीच्या प्रॅक्टिकलमध्येच तयार होते. झूलॉजीतून रक्तगट, ऊती, केस, मृतदेहावर येणारे कीटक यांची ओळख होते. दोन्हींपैकी ज्या विभागात सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत आणि मुलांना खरोखर वापरू देतात, तो घे. विषयाच्या नावापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

कम्प्युटर सायन्सचं काय, असं तू म्हणशील. सायबर गुन्ह्यांचं काम वाढतंय यात वाद नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूचाही समावेश आहे. म्हणजे मोबाइल किंवा हार्ड डिस्कची प्रत काढताना ती मूळ डेटाशी तंतोतंत जुळते, हे गणिताने दाखवायचं. पण हेच काम करायचं असं तुझं पक्कं असेल, तर पदवी कम्प्युटर सायन्स किंवा आयटीची घेऊन पुढे फॉरेन्सिककडे वळणं हा जास्त सरळ रस्ता आहे. तू पत्रात सायबर हा शब्द चार वेळा लिहिलायस, पण कम्प्युटरवर काय करायला आवडतं याबद्दल एकही ओळ नाही. प्रोग्रॅमिंग करून बघितलंयस का? चुकलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत दोन तास बसायला आवडेल का? उत्तर मनापासून हो असेल तर केमिस्ट्री आणि कम्प्युटर सायन्स अशी जोडी घे, त्यातही काही बिघडत नाही. उत्तर 'माहीत नाही' असेल तर कौशल्याच्या कोर्समध्ये स्प्रेडशीट, डेटा अॅनालिसिस किंवा पायथॉनची ओळख असं काही असेल तर ते निवड. दोन क्रेडिटमध्ये आवड कळेल.

पैसे भरून करायचा ऑनलाइन कोर्स मात्र या सत्रात करू नकोस, हे मी स्पष्टच सांगते. काही आठवड्यांत कुणी एक्सपर्ट होत नाही. तज्ज्ञ मानायचं की नाही हे कोर्ट त्या व्यक्तीचं शिक्षण, अनुभव आणि काम बघून ठरवतं. जे शिकायचंय ते 'स्वयम' या सरकारी पोर्टलवर मोफत शिकता येतं, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावं लागतं. वडिलांकडे मागायचे ते पैसे एका चांगल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला आणि सुती लॅबकोटाला लाव.

ओपन इलेक्टिव्ह. हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, म्हणून तिथे बॉटनी किंवा फिजिक्स मिळत नाही. शेअर बाजाराचं ज्ञान वाईट नाही, पण तू तो गुणांसाठी घेते आहेस आणि गुण हमखास हे सीनियरचं सांगणं एका वर्षाच्या परीक्षकांपुरतं खरं असतं. यादीत कायद्याची ओळख, मानसशास्त्राची ओळख किंवा फोटोग्राफी असेल तर त्यांतलं काहीतरी घे. माझी पहिली पसंती कायद्याला. फॉरेन्सिकच्या माणसाचा अहवाल शेवटी न्यायाधीशांच्या टेबलावर जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कलम ३२९ प्रमाणे सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून घेता येतो, पण कोर्टाला वाटलं तर बोलावता येतं. ही दोन कलमं वाचलीस तरी हे काम कशासाठी करायचं ते तुला कळेल. आणि तू कोल्हापुरात आहेस. सुट्टीच्या नव्हे, कामाच्या दिवशी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात अर्धा दिवस बसून ये. काही खटले सोडले तर सुनावणी लोकांसाठी खुली असते. ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं तिथे येतात. साक्षीदाराला वकील कसा प्रश्न विचारतो, तारीख आणि वेळ यांवरून त्याला कसा अडवतो, हे कानांनी ऐक.

भाषेच्या कोर्सबद्दल दोन वाक्यं. पंचनामा मराठीत लिहिला जातो, प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, त्यामुळे दोन्ही भाषांत स्वच्छ, छोटं, एकच अर्थ निघेल असं वाक्य लिहिता आलं पाहिजे. बारावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर इंग्रजीचा कोर्स घे. पर्यावरण, संविधान, भारतीय ज्ञान प्रणाली वगैरे जे ठरलेलं असेल ते वेळेवर करून टाक, त्यावर डोकं शिणवू नकोस.

आता वेळेचं गणित, कारण तू रोज ये-जा करणार आहेस आणि याचा विचार पत्रात कुठेच दिसला नाही. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. समजा प्रत्येक मुख्य विषयाला दोन क्रेडिट थिअरी आणि दोन क्रेडिट प्रॅक्टिकल आहे. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर एका विषयाला आठवड्यात दोन तास थिअरी आणि चार तास प्रॅक्टिकल. असे तीन विषय म्हणजे अठरा तास, त्यांतले बारा प्रयोगशाळेत. वरचे छोटे कोर्स धरून अठ्ठावीस तासांच्या आसपास. त्यात रोजचा एसटीचा जाण्यायेण्याचा तीन तासांचा प्रवास मिळव. कॉलेज आणि प्रवास मिळून आठवड्यात पंचेचाळीस तासांहून जास्त होतात, आणि अजून जर्नल लिहायचं आहे. तेव्हा विषय पक्के करण्याआधी वेळापत्रक माग. दुपारची प्रॅक्टिकल बॅच किती वाजता सुटते आणि त्यानंतर गारगोटीकडची गाडी कधी आहे ते बघ. दोन बॅच असतील तर सकाळची माग, अर्जात प्रवासाचं कारण लिही. बहुतेक शिक्षक ते समजून घेतात. पहिलं सत्र हलकं ठेवायचं असेल तर असं ठेव, जास्तीचे कोर्स काढून टाकून. पाया काढून नव्हे.

आणि जर्नल. यावर मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे प्रॅक्टिकलला एक सवय आहे: रीडिंग चुकलं की शेजारच्या टेबलावरचं घ्यायचं, किंवा उत्तर काय यायला हवं ते बघून रीडिंग उलटं काढायचं. शिक्षकही कधी कधी कानाडोळा करतात, सगळ्यांचं टायट्रेशन ९.८ वर संपलेलं असतं. इतर शाखेत त्याने फार तर शिकणं राहतं. तुझ्या शाखेत हीच सवय पुढे एखाद्याच्या आयुष्याची वर्षं घेऊ शकते, किंवा दोषी माणसाला सोडवू शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून आलेलं रीडिंग आलं तसं, तिथल्या तिथे, पेनाने लिही. चुकलं तर एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. व्हाइटनर वापरू नकोस. कोणती बाटली, तिच्यावर काय लेबल होतं, द्रावण कधी बनवलं, तेही लिही. मुद्देमाल कुणाकडून आला, सील शाबूत होतं का, कुणी उघडला, कुठे ठेवला, ही साखळी ज्या शिस्तीने लिहितात तीच शिस्त ही आहे, आणि ती पहिल्या सत्रातल्या साध्या टायट्रेशनपासून अंगी लावता येते. रीडिंग वाईट आलं म्हणून एखाद-दोन गुण गेले तर जाऊ देत. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा सुबक आकड्यांपेक्षा खाडाखोड सही करून ठेवलेलं जर्नल मला जास्त विश्वासाचं वाटतं, आणि अशा मुलीला तोंडी परीक्षेत पुढचे प्रश्न विचारावेसे वाटतात.

वडिलांकडे वळते. त्यांचं म्हणणं तू 'त्यांना काही कळत नाही' या सुरात लिहिलंयस, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे आणि विभागीय प्रयोगशाळांपैकी एक आपल्या कोल्हापुरातच आहे. तरीही सरकारी जागा मोजक्याच असतात आणि जाहिरात दरवर्षी निघत नाही. कायद्याने फॉरेन्सिकची गरज वाढवली, पण गरज वाढली म्हणजे पदं लगेच भरली जातात असं नाही. जुन्या जाहिराती काढ आणि वैज्ञानिक सहायक किंवा सहायक रासायनिक विश्लेषक या पदांसाठीच्या पात्रतेच्या ओळी वडिलांबरोबर बसून वाच. केमिस्ट्री तिथे किती वेळा येते ते दोघांनाही दिसेल. साध्या केमिस्ट्रीची बी.एस्सी. करून नंतर फॉरेन्सिकची एम.एस्सी. करणारे पुष्कळ आहेत आणि ते कुठेही मागे पडत नाहीत. त्यामुळे त्यांचा पर्याय खोटा नाही. पण तुला प्रवेश मिळालाय, ओढ आहे, तर फॉरेन्सिक मेजर आणि केमिस्ट्री शेवटपर्यंत मायनर, हा दोघांना धरून चालणारा मार्ग आहे. साखर कारखाना, औषध कंपनी, अन्न तपासणी अशा लॅबची दारं त्याने निदान पूर्ण बंद होत नाहीत. केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला मायनर चालतो का, किती क्रेडिट लागतात, हे शिवाजी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या नियमांत आत्ताच बघून ठेव, तिसऱ्या वर्षी नको.

एका परिस्थितीत मात्र मी वडिलांच्या बाजूने झुकेन. वडिलांना घेऊन कॉलेजची फॉरेन्सिकची प्रयोगशाळा बघायला जा. ठसे घ्यायचं आणि उठवायचं साहित्य आहे का? तुलना सूक्ष्मदर्शक आहे का? स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे की कपाटात? शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः फॉरेन्सिक शिकलेले आहेत? मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स दाखवतील का? यांतलं बहुतेक काहीच नसेल, नुसत्या पीपीटीवर कोर्स चालत असेल, तर त्याच कॉलेजात केमिस्ट्री मेजर घेऊन पदवीनंतर फॉरेन्सिककडे जाणं जास्त शहाणपणाचं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा पुढे देता येते, त्यांचा एक परिसर गोव्यात आहे, म्हणजे कोल्हापूरहून फार लांब नाही. महाराष्ट्र सरकारच्या न्यायवैद्यक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, त्याही बघ.

ज्यांनी असंच पत्र लिहायचं मनात आणलं असेल त्यांच्यासाठी: बारावीला पीसीएम असेल तर केमिस्ट्रीबरोबर जीवशास्त्राचा एक विषय घ्या, कारण तुमची उणी बाजू ती आहे. काचेचा अपवर्तनांक, गोळीचा मार्ग, अपघातातला वेग यांची ओढ असेल तर फिजिक्स घ्या. कॉमर्स किंवा आर्ट्समधून येऊन फॉरेन्सिकचं स्वप्न असेल तर फॉरेन्सिक अकाउंटिंग, मानसशास्त्र आणि कायदा हे रस्ते आहेत. त्यांवर सविस्तर पत्र आलं तर स्वतंत्र लिहीन.

तुझा फॉर्म मी भरला असता तर असा: फॉरेन्सिक सायन्स, केमिस्ट्री, झूलॉजी किंवा बॉटनी, ओपन इलेक्टिव्हला कायद्याची ओळख, कौशल्यात डेटा अॅनालिसिस, भाषेत इंग्रजी. पहिली अंतर्गत परीक्षा झाल्यावर केमिस्ट्रीच्या सरांना किंवा मॅडमना भेट, पेपर समोर ठेव आणि कुठे अडतंय ते विचार. तू आधीच फॉर्म सादर केला असशील तरी घाबरू नकोस. विषय बदलायला सत्राच्या सुरुवातीला बहुधा थोड्या दिवसांची मुदत असते, तिची शेवटची तारीख आणि अर्जाचा नमुना उद्याच ऑफिसातून घेऊन ये.